नव्या संघावर रुजू होताना: मुलांच्या फुटबॉल प्रशिक्षकासाठी

“आधीचे सर असं नव्हते शिकवत.”

नव्या संघावर रुजू झालात की पहिल्या आठवड्यातच हे वाक्य कानावर पडेल. कधी एखादा बारा वर्षांचा मुलगा तोंडावर बोलेल, कधी त्याची आई सराव संपल्यावर गेटपाशी थांबून जरा चाचरत सांगेल. पुण्यात एका अकादमीत तीन हंगाम काढून मी कोल्हापुरातल्या एका क्लबच्या १४ वर्षांखालच्या संघावर आलो, तेव्हा हे ऐकून मला राग आला होता. माझ्याकडे प्रशिक्षकाचं लायसन्स होतं, वही भरून सरावाचे आराखडे होते, उत्साह तर होताच. पहिल्याच दिवशी मी सगळं बदललं. सरावाआधीच्या फेऱ्या बंद केल्या, सगळ्यांच्या जागा हलवल्या, गोलकीपरला बॅकला, म्हणजे बचावफळीत, उभा केला. तो मुलगा तिसऱ्या दिवसापासून आलाच नाही. त्याच्या घरी गेलो तेव्हा कळलं की आधीच्या सरांनी वर्षभर त्याच्यावर वेगळी मेहनत घेऊन त्याची झेप घेण्याची भीती घालवली होती. आणि मी चार मिनिटांत त्याचे ग्लोव्हज काढून दुसऱ्याला दिले होते.

तो परत आला, पण दीड महिन्यानं. त्या दीड महिन्यात जे कळलं आणि पुढं आणखी एका संघावर जाताना जे पाळलं, ते इथं क्रमानं सांगतोय. ज्यांनी नुकतंच लायसन्स केलंय, किंवा शाळेत एखादा हंगाम काढून आता क्लबकडं निघालेत, त्यांच्यासाठी. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगून ठेवतो. मुलांचा संघ कधीच कोरा मिळत नाही. तुमच्या आधी तिथं कुणीतरी राबलेलं असतं, आणि ते काम मुलांच्या अंगात असतं. ते ओळखणं हे नव्या प्रशिक्षकाचं पहिलं काम.

हो म्हणण्याआधी

क्लबच्या माणसांशी बोलणी सुरू झाली की एक दिवस कुणाला न सांगता त्यांचा सराव बघायला जा. पायऱ्यांवर बसा. वीस मुलांमागं बॉल किती आहेत ते मोजा. मुलं किती वेळ रांगेत उभी राहतात आणि किती वेळ बॉल पायात असतो, ते घड्याळात बघा. प्यायचं पाणी कुठं आहे, प्रथमोपचाराची पेटी आहे का, हलवता येणारे गोलपोस्ट जमिनीला बांधलेत का, हेही पाहा. उभा पोस्ट अंगावर पडून मुलं दगावल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत. मुलं पोस्टला लोंबकळतातच, त्यामुळं मागच्या बाजूला वाळूची पोती ठेवणं किंवा खुंट्या ठोकणं याला पर्याय नाही. शक्य असेल तर एक सामनाही पाहा. मुलगा चुकला की बाकावरून काय आवाज येतो, ते ऐका. क्लबचा स्वभाव तिथं कळतो.

मग समोरासमोर बसून विचारा. संघात मुलं किती, खरोखर येतात किती? मैदान आठवड्यातून किती दिवस, किती वाजता, आणि पावसाळ्यात कुठं? कोल्हापुरात हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. गांधी मैदानात पाणी तुंबलं की खेळ थांबतो, आणि शाहू स्टेडियम मोठ्यांच्या स्पर्धांत अडकलेलं असतं. मैदानाची सोय तोंडी असेल तर जून महिन्यात तुम्ही आणि तीस मुलं रस्त्यावर उभे असाल.

संघ कोण निवडणार, हेही विचारा. कार्यकारिणीतला कुणी सामन्याच्या आदल्या रात्री फोन करून नाव घालायला सांगतो का? सोळा वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या संघात उतरवण्याचा आग्रह होतो का, आणि झालाच तर अंतिम शब्द कुणाचा? इथले बरेच संघ कुस्तीच्या तालमींच्या नावानं खेळतात. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही सगळी तालमींची नावं. त्यामुळं संघ म्हणजे पेठेची अब्रू, आणि पेठेपेठेतली ईर्षा मुलांच्या सामन्यापर्यंत झिरपते. ही ईर्षा मला आवडते. तिच्यामुळंच या शहरात फुटबॉल टिकला, आणि याच शहरातला अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात देशाकडून खेळला. पण तेरा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर ती किती टाकायची, हे तुम्ही आणि क्लबनं आधी बोलून घ्यायला हवं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधीचे प्रशिक्षक का गेले, ते विचारा. उत्तर देताना समोरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली, तर थोडं थांबा आणि बाहेरही चौकशी करा.

लायसन्सचं थोडक्यात सांगतो. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची ई आणि डी ही सुरुवातीची पायरी, त्यानंतर आशियाई महासंघाची सी, बी, ए आणि शेवटी प्रो. पेठेतल्या मुलांना शिकवायला डी पुरतं. पण राष्ट्रीय युथ लीगसारख्या स्पर्धेत संघाच्या बाकावर बसायला वरचं लायसन्स लागू शकतं, म्हणून क्लब ज्या स्पर्धा खेळतो त्यांच्या त्या हंगामाच्या नियमपत्रिका मागून घ्या.

मानधन, तारीख, कामाचे दिवस, प्रवासाचा खर्च, दोन्ही बाजूंनी किती दिवसांची सूचना, एवढं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. आपल्याकडं हे मागायला संकोच वाटतो, “घरातलीच माणसं आहेत” म्हणून. घरातल्या माणसांशी वाईटपणा येऊ नये म्हणूनच कागद करायचा.

जुना संघ सोडताना

तुमच्या जाण्याची बातमी मुलांना तुमच्याच तोंडून कळली पाहिजे. पालकांच्या ग्रुपवर नाही, दुसऱ्या क्लबच्या मुलांकडून तर नाहीच. मैदानात गोलाकार बसवा, कारण खरं सांगा, कधीपर्यंत आहात ते सांगा. काही मुलं रडतील. त्यांना रडू द्या. लगेच विषय बदलू नका.

आणि मुलं बरोबर नेऊ नका. “सर, आम्ही पण येतो” असं दोघं-तिघं म्हणतीलच. त्यांचा हंगाम सुरू असेल तर तो पूर्ण करू द्या. खेळाडूची नोंदणी महासंघाच्या ऑनलाइन यंत्रणेत, सीआरएसमध्ये, एका क्लबच्या नावावर असते. क्लब बदलायचा तर त्याची रीत ठरलेली आहे. ती सोडून मुलगा हलवला तर पहिल्याच स्पर्धेत त्याच्यावर आक्षेप येतो, आणि शिक्षा होते ती त्या मुलाला.

आधीच्या सरांना फोन

हे पाऊल बहुतेक जण टाकत नाहीत. वाटतं, त्यांना राग असेल, किंवा आपण कमी पडतोय असं दिसेल. मी दुसऱ्या संघावर जाताना फोन केला, आणि तासाभरात जे मिळालं ते मला एकट्याला शोधायला वर्ष लागलं असतं.

फोन असा करा: “सर, तुमच्या पोरांवर आता मी येतोय. तुम्ही वेळ द्याल तेव्हा भेटायला येतो.” तुमच्या पोरांवर, हे मुद्दाम म्हणा, कारण ते खरं आहे. चहाला बसा, वही काढा, आणि एकेका मुलाचं नाव घेऊन विचारत जा. खेळाचं विचाराच, पण त्याहून जास्त बाकीचं. कुणाला दमा आहे? कुणाचे वडील बाहेरगावी असतात? कोण सायकलवरून आठ किलोमीटर येतो आणि म्हणून कायम दहा मिनिटं उशिरा पोचतो? कुणाला सगळ्यांसमोर ओरडलेलं सहन होत नाही? कुणाच्या बुटांना भोक पडलंय आणि तो कुणाला सांगत नाही? मला भेटलेल्या सरांनी एका मुलाबद्दल एवढंच सांगितलं होतं: “त्याला उजव्या कानानं कमी ऐकू येतं. डावीकडून हाक मार.” तो मुलगा लेफ्ट आऊटला, म्हणजे पुढच्या फळीत अगदी डाव्या कडेला, खेळायचा. त्यामुळं समोरच्या गोलकडं तोंड करून तो वर चढला की आतल्या सगळ्यांचा आवाज त्याच्या उजव्या कानाकडं. त्याला बेशिस्त म्हणणाऱ्यांची यादी लांब होती. मी त्याला पलीकडच्या कडेला नेला, बाकीच्यांना हातानं इशारा करायची सवय लावली, आणि महिनाभरात तो निराळाच खेळाडू दिसायला लागला.

सर कडवट बोलले तरी ऐकून घ्या. क्लबविषयीचा राग आणि मुलांविषयीची माहिती या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात. ते म्हणाले ते सगळं खरंच मानायचं असंही नाही. “हा आळशी आहे” असं एखाद्याबद्दल सांगितलं, तर ते वहीत पेन्सिलनं लिहा.

सर भेटायला तयारच नसतील, तर मैदानावर पंधरा-वीस वर्षं चुना मारणारा, पाणी भरणारा कुणी मामा असतोच. त्यांच्याजवळ बसा. त्यांना सगळ्या पोरांची घरं माहीत असतात.

कागदपत्रं, एकदाच आणि नीट

पहिल्या दहा दिवसांत हे उरका, मग खेळाकडं लक्ष देता येतं. प्रत्येक मुलाचा जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांच्यावरचं नाव आणि जन्मतारीख जुळते का बघा. एका ठिकाणी आजोबांचं नाव, एका ठिकाणी आडनावाचं स्पेलिंग निराळं, असं निम्म्या मुलांचं असतं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी ते दुरुस्त होत नाही.

वय चोरण्याबद्दल स्पष्टच लिहितो. तुम्हाला कुणीतरी हळूच सांगेल की अमक्याचं वय दोन वर्षांनी कमी दाखवलंय आणि सगळेच तसं करतात. अशा मुलाला खेळवू नका. राष्ट्रीय स्तरावर डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय ठरवणारी टीडब्ल्यू-३ चाचणी होते, आणि तिथं मुलगा सापडला की चूक मोठ्यांची असते, अपमान त्याचा होतो. शिवाय त्याच्या जागी खऱ्या वयाचा जो मुलगा बाहेर बसतो, त्याची कुणी मोजदादही करत नाही.

पालकांच्या सहीचा एक फॉर्म घ्या. त्यात रक्तगट, आजार, चालू औषधं, कशाची अॅलर्जी, संकटात फोन करायचे दोन नंबर एवढं हवं. फॉर्मची एक प्रत कायम तुमच्या किटबॅगेत.

मुलांच्या सुरक्षिततेचे नियम पहिल्याच बैठकीत क्लबसमोर आणि पालकांसमोर मांडा. कुठल्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटं बसायचं नाही. एकट्या मुलाला गाडीवरून सोडायची वेळ आली तर घरी फोन करून मगच. मुलांना खासगी मेसेज नाही, जे काही असेल ते पालक असलेल्या ग्रुपवर. मुलींचा संघ असेल तर सरावाला आणि प्रवासाला जबाबदार स्त्री बरोबर हवीच, आणि कपडे बदलायला दार लागणारी जागा हवी. ती नसल्यामुळं तेराव्या-चौदाव्या वर्षी मुली खेळ सोडतात आणि आपण म्हणतो, मुलींना आवड नाही. २०१२चा पॉक्सो कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलामुलीला लागू आहे. अत्याचाराची माहिती कळल्यावर पोलिसांना कळवणं त्या कायद्यानं बंधनकारक आहे. क्लबातल्या क्लबात मिटवणं हा स्वतःच गुन्हा ठरतो. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक मैदानावर मुलांना दिसेल अशा ठिकाणी लिहून ठेवा.

पहिला सराव

पहिल्या दिवशी भाषण नको. नाव सांगा, कुठून आलात ते सांगा, “मला तुमचा खेळ बघायचाय” म्हणा आणि बॉल सोडा. दोन मिनिटं पुरतात.

मी पहिला सराव सव्वा तासाचा ठेवतो. अर्धा तास आधी पोचून प्लास्टिकचे कोन मांडून ठेवतो, म्हणजे मुलं येतील तसा त्यांना बॉल मिळतो आणि लवकर येणाऱ्याचा वेळ वाया जात नाही. बॉलचा आकार तपासा. बारा वर्षांपर्यंत चार नंबर, तेरापासून पाच नंबर. दहा वर्षांच्या पोराला पाच नंबरचा जड बॉल दिला तर त्याचा पाय आणि त्याची हौस, दोन्ही दुखावतात.

सुरुवातीची दहा मिनिटं दोघादोघांत पास, पण ज्याला पास द्यायचा त्याचं नाव घेऊन. त्यांना एकमेकांची नावं पाठच असतात. हा खेळ तुमच्यासाठी आहे. तुम्ही मधून फिरत राहा. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला नावानं हाक मारता आली पाहिजे, त्यासाठी रात्री वही घेऊन बसावं लागलं तरी बसा. घरच्या हाकेनं नाही, आडनावानंही नाही, त्याला जे आवडतं त्या नावानं.

मग अंग मोकळं करणं. फिफानं सात ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी सात व्यायामांचा ‘११ प्लस किड्स’ क्रम बनवला आहे, आणि चौदाच्या पुढं पंधरा व्यायामांचा, साधारण वीस मिनिटांचा ‘११ प्लस’. धावणं, एका पायावर तोल, उड्या, नीट पडायला शिकणं, असं त्यात आहे. दोन्हींचा परिणाम अभ्यासून पाहिला गेलाय, आणि नियमित केल्यावर दुखापती कमी होतात. बॉल आणि कोन सोडले तर साहित्य काही लागत नाही. पहिल्या दिवशी त्यातले दोन-तीन व्यायामच घ्या. पण आधीच्या सरांच्या वेळची एखादी सवय असेल, शेवटी गोलाकार उभं राहून घोषणा द्यायची किंवा सुरुवातीला मैदानाच्या पाया पडायचं, तर ती जशीच्या तशी चालू ठेवा. “तुम्ही सुरुवात कशी करता? मला दाखवा,” असं विचारलं की मुलांचे खांदे सैल पडतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्यानंतर पंधरा मिनिटं चौघांत एक. आठ पावलांचा चौकोन, चार बाजूंना चौघं, मध्ये एक जण बॉल काढून घेणारा. तुम्ही बोलू नका. बॉल यायच्या आधी मान वळवून बघतो कोण, ते टिपा. डावा पाय कोण वापरतो, चुकल्यावर कोण खाली बघतो, दुसरा चुकल्यावर कोण त्याच्यावर खेकसतो आणि कोण ‘असू दे’ म्हणतो, तेही.

आणि मग खेळ. चार विरुद्ध चार, वीस बाय पंचवीस पावलं, दोन-दोन कोनांचे गोल, चार-चार मिनिटांचे डाव, प्रत्येक डावानंतर संघांची अदलाबदल. अकरा विरुद्ध अकरा लावलात तर लाजरा मुलगा अर्धा तास बॉलला पाय न लावता घरी जाईल आणि तुम्हाला कळणारही नाही. चारांच्या खेळात लपायला जागा नसते, बॉल सारखा पायाशी येतो. मला एखाद्या मुलाबद्दल जे कळायचं असतं, त्यातलं बरंचसं या पंचवीस मिनिटांत दिसतं.

शेवटी खाली बसून एकच प्रश्न: “आधीच्या सरावातलं काय चालू ठेवू?” पहिल्यांदा कुणी बोलत नाही. थांबा. एक जण बोलला की सगळे बोलतात.

पहिला महिना बदल नको

हा सल्ला पाळायला सगळ्यात कठीण आहे. चुका तुम्हाला दिसत असतात, हात शिवशिवतात. सुरक्षिततेच्या गोष्टी आणि शिवीगाळ, मारहाण, शिक्षा म्हणून पळवणं, एवढंच पहिल्या दिवशी बंद करा. जागा, पद्धत, कर्णधार यांना चार आठवडे हात लावू नका. या काळात फक्त लिहा.

प्रत्येक मुलाला एक पान द्या. वर नाव, जन्ममहिना, उंची. जन्ममहिना का, तर १ जानेवारीची तारीख धरून गट पाडले जातात. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात येतात आणि दोघांत जवळजवळ वर्षाचं अंतर असतं. बाराव्या वर्षी ते वर्ष फार मोठं. निवड करताना आपल्याला वाटतं आपण चांगला खेळाडू निवडतोय, आणि निवडलेला असतो मोठा. तुमच्या संघाच्या यादीत जन्ममहिने लिहून बघा. सुरुवातीच्या महिन्यांची गर्दी दिसली तर बाहेर राहिलेल्या नोव्हेंबर-डिसेंबरवाल्यांकडं पुन्हा एकदा नीट बघा.

उंची दर तीन महिन्यांनी मोजा, भिंतीवर पेन्सिलची खूण करून. मुलगे साधारण तेरा-चौदाव्या वर्षी आणि मुली त्याच्या वर्ष-दोन वर्षं आधी झपाट्यानं वाढतात. त्या काळात काल जमणारा ट्रॅप, म्हणजे आलेला बॉल पायाशी थांबवणं, आज जमत नाही, पाय स्वतःचेच वाटत नाहीत. त्याच काळात गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा दुखतो किंवा टाचेच्या मागं दुखतं. ही नाटकं नसतात. वाढत्या हाडाला स्नायूचा ताण बसतो म्हणून ते दुखतं. सराव कमी करा, दुखणं चालू राहिलं तर डॉक्टरांकडं पाठवा, आणि घरी सांगा की यात पोराचा दोष नाही.

महिन्यानंतर एकेक बदल करा, आणि कारण सांगून करा. “आधीच्या सरांनी तुम्हाला टॅकल उत्तम शिकवलंय. आता आपण बॉल मिळाल्यावर पुढं काय, त्याच्यावर काम करू.” हे बोलायचं म्हणून नाही, खरोखर तसं असेल तेव्हाच म्हणा. मुलांना खोटी स्तुती लगेच कळते.

पालक, आणि पायऱ्यांवरची माणसं

पालकांची बैठक पहिल्या दोन आठवड्यांत घ्या, आणि कामावरून येणाऱ्यांना जमेल अशा वेळी. तिथं तीन गोष्टी सांगा: सरावाच्या वेळा, खेळायला मिळण्याचा तुमचा नियम, आणि सामन्याच्या वेळी कडेवरून फक्त टाळ्या. बाप एका बाजूनं “शॉट मार” ओरडतो आणि प्रशिक्षक दुसऱ्या बाजूनं “पास दे”, तेव्हा मुलगा बॉलवर उभा राहतो आणि बॉल जातो. हे उदाहरण दिलं की बहुतेकांना पटतं, कारण त्यांनी ते पाहिलेलं असतं.

“सर, आमच्या पोराला फॉरवर्डला खेळवा की,” हे ऐकावं लागेलच. सामन्याच्या दिवशी त्यावर चर्चा नाही, दुसऱ्या दिवशी जरूर भेटा, असा नियम ठेवा आणि दुसऱ्या दिवशी खरंच वेळ द्या. दहावीच्या मुलांचे पालक फेब्रुवारी-मार्चमध्ये सराव थांबवतात. त्यांच्याशी भांडू नका. आठवड्यातून दोन दिवस, पाऊण तास, एवढंच मागा. पूर्ण बंद झालेला मुलगा जूनमध्ये परत येईल याची खात्री नसते.

कोल्हापुरात पालकांइतकीच महत्त्वाची ती पायऱ्यांवर रोज संध्याकाळी बसणारी माणसं. कधीकाळी पेठेकडून खेळलेली, गुडघे गेलेली, तोंडानं फटकळ. नव्या प्रशिक्षकाला त्यांचा त्रास वाटतो. मी आता पहिल्याच आठवड्यात स्वतः जाऊन बसतो. “मामा, तुम्ही कुठल्या जागेवर खेळायचा?” एवढ्या प्रश्नावर संध्याकाळ जाते. त्यातले एक आता दर शनिवारी बॅकच्या पोरांना हेडिंगची, म्हणजे डोक्यानं बॉल मारायची, वेळ कशी साधायची ते शिकवतात, हलक्या बॉलनं आणि फक्त चौदा वर्षांच्या मुलांना. लहानांना हेडिंगचा सराव देऊ नका. अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना ते बंद आहे, आणि इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांच्या सरावातून ते काढायला सांगितलं.

ऊन, वळीव आणि डोक्याचा मार

एप्रिल-मे महिन्यात दुपारी चारला सराव ठेवू नका. सकाळी सहा किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी, मागायची वाट न बघता.

वळवाचा पाऊस येतो तेव्हा मुलांना भिजायचं असतं, आणि तेव्हाच विजा पडतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ गेला तर खेळ थांबवा आणि पक्क्या इमारतीत जा. झाडाखाली नाही, पत्र्याच्या शेडमध्ये नाही, गोलपोस्टजवळ नाही. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं मैदानात परत यायचं नाही, सामना कितीही रंगात असला तरी.

डोकं आपटून मुलगा गोंधळला, उलटी झाली, डोकं दुखतंय म्हणाला, एकच प्रश्न परत परत विचारू लागला, तर तो त्या दिवशी परत खेळणार नाही. तो “बरा आहे सर” म्हणेल. तरी नाही. घरच्यांना बोलवा आणि दवाखान्यात न्या. बेशुद्ध झाला किंवा मान दुखते म्हणाला, तर हलवू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८.

पहिला सामना

निकालाची भीती तुम्हाला वाटेल, कारण क्लबचे लोक बघायला आलेले असतील. अकरा नावं लिहिण्याआधी वहीत एक रकाना करा: प्रत्येकाला किती मिनिटं. चौदा वर्षांखाली मी आलेल्या प्रत्येकाला निम्मा वेळ तरी खेळवतो, हे पालकांनाही आधीच सांगितलेलं असतं. पहिल्या सामन्यात असं करून आम्ही ४–१ हरलो. कार्यकारिणीतल्या दोघांचे चेहरे पडले होते. मी त्यांना तो रकाना दाखवला आणि म्हटलं, यातल्या सहा जणांनी आज पहिल्यांदा पूर्ण हाफ खेळलाय. त्यांना ते त्या दिवशी पटलं नाही. पण त्यांनी मला थांबवलंही नाही.

हाफटाइमला मुलांना आधी पाणी द्या, दोन मिनिटं शांत बसू द्या, मग एकच गोष्ट सांगा. हरल्यावर मैदानातच धडा शिकवत बसू नका. हस्तांदोलन, कोन गोळा करणं, घरी. जे बोलायचं ते पुढच्या सरावाला.

आणि त्या संध्याकाळी आधीच्या सरांना निकाल कळवा. मी कळवला तेव्हा त्यांनी स्कोअर विचारलाच नाही, विचारलं: “कीपरनं झेप घेतली का?” ज्याचे ग्लोव्हज मी एकदा काढून घेतले होते, तो हा कीपर नव्हे. तो पहिल्या क्लबचा. पण प्रत्येक संघात असा एक असतोच. मी सांगितलं, दोनदा घेतली, दुसऱ्यांदा डावीकडं. फोनवर थोडा वेळ शांतता होती.

ती वही मी अजून चालवतो. सध्या सतरा पानं झालीत. चौघांची उंची मोजायची राहिलीय, आणि एकाच्या बुटांचं माप. ती शनिवारी घेणार आहे.